कुंपण नसलेला झोन

मॉरिशस बेटावर लोकरीसाठी मेंढ्या पाळत नाहीत. तिथे कापूस पिकत नाही, लोखंडाच्या किंवा कोळशाच्या खाणी नाहीत, तेलही नाही. थंडीचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टात बेटाच्या उंच भागात एखादा पातळ स्वेटर पुरतो. असं असूनही १९८० च्या दशकात युरोपातल्या दुकानात लोकरी स्वेटर उलटून पाहिला, तर गळ्यामागच्या पट्टीवर 'मेड इन मॉरिशस' हे शब्द दिसण्याची बरीच शक्यता होती. सूत बोटीने बाहेरून येई, यंत्रं बाहेरून येत आणि गिऱ्हाईक पॅरिस-लंडनचं. मधलं विणायचं आणि जोडायचं काम बेटावरच्या मुली करत. त्यांतल्या बहुतेकींच्या आया-आज्या उसाच्या मळ्यात राबलेल्या होत्या.

बेटाचा आकार सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या निम्मा. माणूस तिथे मुळात राहतच नव्हता. डच आले आणि गेले. फ्रेंचांनी गुलाम आणून ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि १८३५ मध्ये गुलामी संपली. मळे पिकवायला माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणायला सुरुवात झाली होती. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या किनाऱ्यावर उतरली. बहुसंख्य भोजपुरी बोलणारे होते, काही तमिळ, काही तेलुगू. आणि रत्नागिरीकडून, कोकणपट्टीतून गेलेली मराठी कुटुंबंही होती. त्यांच्या वंशजांची संख्या थोडी आहे, पण गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

अशा बेटाने १९७० मध्ये 'निर्यात प्रक्रिया क्षेत्र' नावाचा कायदा केला. आज आपण ज्याला सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणतो, त्याचा हा थोरला भाऊ. जगात अशी शेकडो क्षेत्रं निघाली आणि त्यांतली पुष्कळशी गवत माजून पडली. मॉरिशसचं चाललं. ते का चाललं, हे समजून घेतलं तर सेझ नावाच्या औषधाचा गुण कशात आहे आणि अपथ्य कशाचं आहे, हे बरंचसं कळतं.

आधी हे दुखणं किती जुनाट होतं ते पाहू.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरून मलेरिया हटवण्यात आला. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने घसरलं, जन्माचं प्रमाण तिथेच राहिलं आणि लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास वाढू लागली. लागवडीची बहुतेक जमीन उसाखाली होती, आणि निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक पैसा साखरेचा. त्यात १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचं चक्रीवादळ आलं. त्याने उसाबरोबर हजारो घरंही झोपवली. त्याच सुमारास इंग्रज सरकारने अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक बेटाची तब्येत तपासायला पाठवलं. १९६१ मध्ये आलेला मीड यांचा अहवाल उदास होता. माणसं वाढताहेत, जमीन वाढत नाही, एका पिकावर सगळा डोलारा, समाज जाती-वंश-धर्मांत विभागलेला. अशा ठिकाणी शांततेने भरभराट होण्याची लक्षणं त्यांना दिसेनात.

पुढे १९७७ मध्ये मीड यांना नोबेल मिळालं, आणि मॉरिशस वर आल्यावर त्यांचा हा अंदाज चुकीच्या भाकितांचा नमुना म्हणून सांगितला जाऊ लागला. मला ही थट्टा अन्यायाची वाटते. पुष्कळ हातांना काम देणारे उद्योग उभे राहिल्याशिवाय सुटका नाही, हे मीड यांनीच मांडलं होतं. ते होईल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, एवढंच. त्या वेळी तो कोणाचाच बसला नसता.

स्वातंत्र्य आलं १२ मार्च १९६८ ला, आणि तेही कुरकुरत. त्याआधीच्या वर्षीच्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांना पडली होती. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारीत, राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगल पेटली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. पहिले पंतप्रधान सिवुसागर रामगुलाम यांच्यापुढे बेकार तरुणांची रांग होती, पण ती कमी करायचा कारखाना नव्हता.

आता झोन म्हणजे नेमकं काय, ते एका शर्टाच्या हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या गरीब देशात शर्ट शिवून बाहेर विकायचा आहे. कापड देशात होत नाही, ते आयात करावं लागतं. शंभर रुपयांच्या कापडावर सरकार साठ रुपये आयात शुल्क घेतं, कारण देशातल्या एका गिरणीला संरक्षण द्यायचं आहे. सुया, बटणं, दोरा, शिलाई यंत्राचे सुटे भाग, सगळ्यांवर असंच शुल्क. शर्ट तयार होतो तेव्हा त्याच्या अंगावर शिलाईच्या खर्चाहून जास्त भार सरकारी शुल्काचा असतो. हाँगकाँगच्या शिंप्याला कापड शंभरातच मिळतं. आपला शर्ट परदेशी दुकानापर्यंत पोचायच्या आधीच हरलेला असतो. 'निर्यात केल्यावर शुल्क परत देऊ' असं सरकार म्हणतं, पण परताव्याचा अर्ज, त्याच्या प्रती, शिक्के आणि साहेबांची सही यात सहा महिने गेले, तर तेवढ्या काळाचं व्याज कोण सोसणार?

शुल्क सरळ काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. पण त्या शुल्कावर गिरणी उभी असते, गिरणीवर मालक आणि कामगार उभे असतात, आणि दोघांनाही मत असतं. मग सरकार पळवाट काढतं: आमचे नियम आहेत तसेच राहतील, फक्त या जागेत ते लागू नाहीत, इथे माल शुल्काशिवाय आणा, शिवा आणि बोटीत चढवा, देशात विकायचा असेल तर मात्र शुल्क भरा. झोन म्हणजे सरकारने आपल्याच कायद्याला स्वतःच्या हाताने पाडलेलं भोक. ते पाडताना, आपले नेहमीचे नियम पाळून निर्यातीचा धंदा होऊ शकत नाही, याची कबुलीही ते देऊन टाकतं. अशा कबुलीला पुढे काय फळ येतं, यावर झोनचं खरं मोजमाप व्हावं, असं मला वाटतं.

आयर्लंडमध्ये शॅनन विमानतळाशेजारी १९५९ मध्ये असा आधुनिक प्रयोग सुरू झाला. भारताने १९६५ मध्ये कांडला बंदराजवळ आशियातलं पहिलं असं क्षेत्र उघडलं. हा मान आपला आहे, आणि त्याचं पुढे काय केलं ते ओघात येईलच. १९६६ मध्ये तैवानचं काओश्युंग आलं. मॉरिशसमध्ये ही कल्पना लावून धरणारे गृहस्थ होते एदुआर लिम फाट, चिनी वंशाचे, मॉरिशस विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांना आज तिकडे झोनचे जनक म्हणतात.

मॉरिशसने एक गोष्ट वेगळी केली. इतरांनी जागा आखली, भिंत घातली, दारावर सीमाशुल्काचा शिपाई बसवला. मॉरिशसने कारखान्याला प्रमाणपत्र दिलं आणि तो बेटावर कुठेही असला तरी झोनमध्ये आहे असं मानलं. औद्योगिक वसाहती बांधल्या, पण त्यांतच बसायची सक्ती नव्हती. त्यामुळे कारखाने जिथे मुली राहत होत्या तिथे, म्हणजे खेड्यांत जाऊन पोचले. आपल्याकडे आधी जमीन घेऊन मग माणसांना तिथे या म्हणतात. इथे कारखानाच उठून माणसांच्या दाराशी गेला. हा एवढासा तपशील, पण माझ्या मते अर्धं यश त्यातच आहे. ज्या घरातली मुलगी दूर शहरात पाठवायला बाप तयार झाला नसता, त्या घरातली मुलगी गावातल्या गावात कामाला जाऊ शकली.

भिंत नव्हती याचा अर्थ कुंपण नव्हतं असा मात्र घेऊ नका. कुंपण होतं, ते कायद्याच्या पुस्तकात. देशातल्या जुन्या उद्योगांना आयात शुल्काचं कवच पूर्वीसारखंच होतं. साखर कारखान्यातल्या आणि सरकारी कामातल्या कामगाराला युनियनने मिळवलेलं संरक्षणही तसंच राहिलं. झोनमध्ये मात्र नफ्यावर करमाफी होती, भांडवल आणि नफा परत नेण्याची मोकळीक होती, कामावरून काढणं सोपं होतं, आणि ४५ तासांच्या आठवड्यावर आणखी १० तासांचा ओव्हरटाइम मालक सक्तीने मागू शकत होता. शिवाय बाईचा किमान पगार पुरुषापेक्षा कमी ठरवलेला होता.

अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी मॉरिशसच्या कथेतलं मर्म इथे दाखवलं आहे. एकाच देशात दोन कारभार चालले. वाड्याच्या दर्शनी दाराला हात न लावता मागच्या बाजूला नवं दार पाडलं. त्यामुळे जुन्यांपैकी कोणाचंच काही गेलं नाही, म्हणून कोणी रस्त्यावर आलं नाही. मालकांना स्वस्त मजूर मिळाले, तरी पुरुष कामगारांचा पगार पडला नाही, कारण नव्या दारातून आत आल्या त्या आजवर पगाराच्या बाजारात नसलेल्या बाया. ४४ टक्के मतं स्वातंत्र्याविरुद्ध पडलेल्या, नुकतीच दंगल होऊन गेलेल्या देशात सगळ्यांचं एकाच वेळी दुखवणारी सुधारणा टिकली नसती. रामगुलामांचं राजकारण इथे अर्थशास्त्राच्या पुढे होतं.

चतुराई होती यात शंका नाही, पण ती फुकट पडली नाही. तिची किंमत बाईच्या पगारातून वसूल झाली, हेही त्याच वहीत लिहून ठेवायला हवं.

बरं, कायदा झाला म्हणून कारखाने लगेच धावत आले नाहीत. पहिल्या वर्षी झोनमधल्या नोकऱ्या काही शेकड्यांतच होत्या. मग दोन गोष्टी बाहेरून आल्या.

पहिली साखरेची. १९७४-७५ मध्ये जगात साखरेचे भाव भडकले. आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये युरोपीय समुदायाने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांशी टोगोची राजधानी लोमे इथे करार केला. त्यात साखरेचा कोटा होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा, वर्षाला सुमारे ५ लाख टन, मॉरिशसने पदरात पाडून घेतला. या साखरेला युरोप ठरलेला भाव देई, आणि तो बहुतेक वर्षं जागतिक भावापेक्षा बराच चढा असे. बेटावरच्या साखरसम्राटांच्या हातात पैसा खेळू लागला. हे फ्रेंच वंशाचे मळेवाले. त्यांच्याकडे पैसा परदेशात नेऊन ठेवायचा मार्ग सोपा नव्हता, आणि समोर झोनमध्ये करमाफी होती. मळ्यातला पैसा विणकामात आला. कुठल्याही झोनचं कौतुक परदेशी गुंतवणुकीच्या आकड्यांनी करायची रीत आहे, पण मॉरिशसच्या झोनमध्ये देशी भांडवलाचा वाटा मोठा होता, हे फारसं कोणी सांगत नाही. गावचा पैसा गावात गुंतला की पाहुण्याचाही धीर वाढतो.

दुसरी गोष्ट हाँगकाँगची. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कापड आणि तयार कपड्यांच्या आयातीवर देशागणिक कोटे लावले होते. हाँगकाँगच्या शिंप्यांकडे कसब होतं, गिऱ्हाईक होतं, पण कोटा संपत आला होता. मॉरिशसचा माल लोमे करारामुळे युरोपात कोट्याविना आणि शुल्काविना जाऊ शकत होता. हाँगकाँगवाले स्वस्त मजुरीसाठी तर आलेच, पण त्याहून जास्त मॉरिशसच्या या दाखल्यासाठी आले. बेटावरच्या चिनी वंशाच्या लोकांची ओळखपाळख इथे कामी आली. पुढे १९८४ मध्ये ब्रिटन आणि चीनने हाँगकाँगच्या हस्तांतरावर सही केल्यावर तर आणखी एखादं घर असावं, असंही त्यांच्यातल्या काहींना वाटू लागलं.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. मेंढ्या नसलेल्या बेटावर स्वेटरच का? युरोपच्या करारात एक अट होती: माल मॉरिशसचा मानायचा असेल, तर त्याच्यावर दोन प्रक्रिया तिथे झाल्या पाहिजेत. आयात कापड बेतून शर्ट शिवला तर ती एकच प्रक्रिया, सवलत नाही. सुतापासून कापड आणि कापडापासून शर्ट केला तर चालेल, पण कापडाची गिरणी घालायला पैसा आणि पाणी दोन्ही भरपूर लागतं. स्वेटरचं तसं नाही. सूत आणलं, यंत्रावर पाठ-पोट-बाह्यांचे तुकडे विणले, ते जोडले. विणणं एक, जोडणं दुसरी. अट पूर्ण! ब्रुसेल्समधल्या एका कलमाने उष्ण कटिबंधातल्या मुलींच्या हाती लोकर दिली. उद्योग कुठे वाढतो याची कारणं भूगोलाच्या पुस्तकात शोधायची आपली सवय आहे. पुष्कळदा ती कराराच्या परिशिष्टात दडलेली असतात.

मधे एक वाईट काळ येऊन गेला. तेल महागलं, साखर उतरली, आणि भाव चढे असताना वाढवलेला सरकारी खर्च कमी करणं जमेना. १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये मॉरिशसच्या रुपयाचं अवमूल्यन झालं. बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास गेली. १९८२ च्या निवडणुकीत लोकांनी रामगुलामांच्या पक्षाला असं झोडपलं, की मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांना गेल्या. निवडून आलेले डावे होते, झोनमधल्या मालकांवर टीका करत मोठे झालेले. पण सत्तेत आल्यावर त्यांनी झोन मोडला नाही. तिजोरी पाहिल्यावर तो मोडणं परवडणारच नव्हतं. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले आणि झोनचा खरा बहर त्यांच्या काळात आला.

तो बहर असा: १९८३ च्या आसपास झोनमधल्या नोकऱ्या २५ हजारांच्या घरात होत्या, आणि १९८८ पर्यंत त्या ८५ हजारांच्या पुढे गेल्या. देशाची लोकसंख्या दहा लाख. म्हणजे पाच वर्षांत जवळजवळ प्रत्येक वस्तीतून कोणी ना कोणी कारखान्यात जाऊ लागलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर झोनच्या निर्यातीने साखरेला मागे टाकलं. दीडशे वर्षं बेटावर राज्य केलेल्या पिकाची गादी एका स्वेटरने घेतली. १९८४ मध्ये झोनमधल्या पुरुषांसाठीचा वेगळा किमान पगार सरकारने काढून टाकला, तेव्हा पुरुषही मोठ्या संख्येने यंत्रावर बसू लागले. दशक संपता संपता बेकारी जवळपास नाहीशी झाली.

या मुलींचं आयुष्य सुखाचं झालं का? उत्तर सरळ नाही. नऊ-दहा तास उभं राहून किंवा पाठ वाकवून काम, ऑर्डरची बोट चुकायची नसली की सक्तीचा ओव्हरटाइम, युनियन नावापुरती. घरी गेल्यावर चूल होतीच, ती काही झोनमध्ये धरली जात नव्हती. पण त्याच घरात पहिल्यांदा बाईच्या नावाचा पगार येऊ लागला. उसाच्या मळ्यात तिची आजी राबली होती. तिथला मोबदला आजोबांच्या हाती पडायचा. झोनवर पुस्तकं लिहिणारे काहीजण शोषण पाहतात, काहीजण मुक्ती. ज्या बाईने तो पगार घेतला, तिला त्या दोन गोष्टी वेगळ्या करून दिसल्या असतील असं मला वाटत नाही. आणखी एक भाबडा समज इथेच खोडून टाकतो: कारखान्यामुळे बायका शिकल्या आणि मुलं कमी झाली, असं सांगितलं जातं. मॉरिशसमधला जननदर झोन भरात येण्याच्या कितीतरी आधी, १९६० आणि १९७० च्या दशकांत, कुटुंबनियोजनाच्या मोहिमेने आणि शाळांनी खाली आणला होता. झोनला वाचता येणाऱ्या, लवकर लग्न न झालेल्या मुली आयत्या मिळाल्या. शाळा आणि दवाखाने आधी आले, यंत्रं नंतर.

मग झालं ते अपेक्षितच. माणसं कमी पडू लागली, पगार वाढू लागले. ज्या देशात वीस टक्के बेकारी होती, तिथे मालक चीनमधून आणि नंतर बांगलादेशातून कामगार मागवू लागले. त्यांची वसतिगृहं, त्यांचे करार, त्यांच्या तक्रारी, हे सगळं वाचताना इतिहास वर्तुळ पुरं करतोय असं वाटतं: करारबद्ध मजुरांच्या नातवंडांच्या बेटावर पुन्हा करारबद्ध मजूर. काही कारखानदारांनी साधं काम शेजारच्या मादागास्करला हलवलं. २००४ संपताना जगातले कपड्यांचे कोटे उठले, आणि ज्या दाखल्यासाठी हाँगकाँगवाले आले होते त्याची किंमत उतरली. ते निघून गेले. हजारो नोकऱ्या, त्याही मुख्यतः चाळिशीतल्या बायांच्या, गेल्या. २००५ मध्येच युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. दोन्ही खांब एकदम हलले.

तरी घर पडलं नाही, कारण तोवर हॉटेलं, बँका, आर्थिक सेवा उभ्या राहिल्या होत्या. (आपल्या शेअर बाजारात 'मॉरिशस रूट' नावाने बदनाम झालेली वाट ती हीच. भारत आणि मॉरिशस यांच्यातल्या करकराराचा फायदा घेत वर्षानुवर्षं पैसा तिथून फिरून इथे येई. २०१६ मध्ये करार बदलला.) आणि २००६ मध्ये अर्थमंत्री राम सितानन यांनी एक काम केलं, ज्याची बातमी आपल्याकडे फारशी झाली नाही. झोनमधले आणि झोनबाहेरचे उद्योग यांतला भेदच त्यांनी काढून टाकला. सगळ्यांना सारखा १५ टक्के कर. आयात शुल्कं कमी कमी होत आली होतीच. झोन बंद पडला तो अपयशाने नव्हे. बाहेरचा देशच झोनसारखा झाला, म्हणून आतल्या कायद्याची गरज उरली नाही. मघाशी ज्याला मोजमाप म्हटलं, ते हे. भोक रुंदावत गेलं आणि भिंत काढून टाकता आली.

कांडल्याचं काय झालं? भोक पाडलं खरं, पण त्यावर जाळी बसवली. झोनमध्येही परवाने, मंजुऱ्या आणि दिल्लीच्या फेऱ्या सुटल्या नाहीत. माल बराचसा रुपयांच्या व्यवहारात सोव्हिएत संघाकडे जाई, तिथे दर्जाची परीक्षा नव्हती. १९७३ मध्ये मुंबईत 'सीप्झ' हे निर्यात क्षेत्र आलं, नाव सांताक्रूझचं आणि जागा अंधेरीची. तिथे आधी इलेक्ट्रॉनिक्स आणि मग हिऱ्या-दागिन्यांचं काम वाढलं. मरोळच्या रस्त्याला सकाळी-संध्याकाळी जी गर्दी उसळते ती त्याची साक्ष. पण त्या भिंतीआडचे सोपे नियम भिंतीबाहेर आले नाहीत. १९९१ मध्ये देश उघडला तो दिवाळखोरीच्या दारात उभं राहिल्यामुळे; सीप्झचा धडा गिरवून नव्हे.

मग २००५ चा सेझ कायदा आला. चीनच्या शेन्झेन इथल्या सेझने डोळे दिपले होते. पण आपण शेन्झेनचा आकार पाहिला. अनेक उद्योगांच्या सेझसाठी किमान १,००० हेक्टर जमीन हवी असा नियम झाला, विकासक खासगी, आणि मंजुऱ्यांचा पाऊस. करसवलत निर्यातीला होती, पण पुष्कळांची नजर जमिनीवर होती. रायगड जिल्ह्यात पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या गावांनी तिथे येऊ घातलेल्या सेझविरुद्ध एन. डी. पाटलांसारख्या नेत्यांच्या साथीने लढा दिला. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. तो सेझ उभा राहिलाच नाही. गोव्यात तर २००७ च्या शेवटच्या दिवशी सरकारने सगळेच सेझ रद्द करत असल्याची घोषणा केली. पुढे केंद्राने सेझमधल्या कंपन्यांवर किमान पर्यायी कर लावला आणि उरलेला उत्साहही ओसरला. शेतकऱ्यांनी विकास अडवला असं म्हणणाऱ्यांनी मॉरिशसचा नकाशा एकदा पाहावा. तिथे ८५ हजार नोकऱ्या निघाल्या, त्या हजार-हजार हेक्टरांची अट न घालता.

आणि मॉरिशसही शहाणपण विसरू शकतं. २००६ नंतर, जुना झोन मोडीत निघाला त्याच सुमाराला, राजधानीजवळ रीश तेर इथे चिनी गुंतवणुकीचा एक खास झोन ठरला. या वेळी सगळं रीतसर होतं: चीनच्या शान्सी प्रांतातल्या कंपन्या, २०० हेक्टरांच्या आसपास जमीन, आखलेली हद्द, मोठं नाव. त्या सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना उठवण्यात आलं. त्यांच्यातल्या काहींनी उपोषण केलं. जमीन मोकळी झाली, रस्ते झाले, दिवे लागले. कारखाने मात्र पुढची कित्येक वर्षं आले नाहीत, आणि बहुतेक जागा रिकामी पडून राहिली.